टेबलावरचे चार फोन

१

तिकीट चोरीला जातं ते खिशातून, पाकिटातून, फार तर बायकोच्या पर्समधून, एवढंच खिडकीकाकांना ठाऊक होतं. फोन जागच्या जागी आणि त्याच्या पोटातलं तिकीट तेवढं गायब, असली चोरी त्यांनी उभ्या जन्मात ऐकली नव्हती. ऐकली ती त्या दिवशी, दुपारी सव्वाबारा वाजता, नाट्यगृहाच्या मागच्या दारात.

"काका, बरं झालं तुम्ही आलात!" मॅनेजरबाई जवळजवळ पळतच आली. बाई कसली, पस्तिशीची पोर. पण नाट्यगृह तीच चालवत होती म्हणून काका तिला बाई म्हणायचे. "सुईताईंचं तिकीट गेलं."

"गेलं म्हणजे? पाय फुटले त्याला?"

"त्यांच्या ॲपमधून कुणीतरी स्वतःच्या फोनवर घेतलं. अर्धा तास झाला. आत बसून रडताहेत त्या."

काकांचा विश्वास बसेना. सुईताई आणि रडणार? ती तर दुसऱ्यांना रडवणारी बाई.

आता हे लोक कोण ते आधी सांगायला हवं. या नाट्यगृहात एकेकाळी एक नाटक कंपनी होती. एकच नाटक तिनं बावीस वर्षं चालवलं. कंपनीत कुणालाही खऱ्या नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. पोशाख शिवणारी ती सुईताई. चेहरे रंगवणारा तो पावडर. दिवे सांभाळायचा त्याचं नाव मुद्दाम अंधार. विंगेत वही धरून बसणारा आणि नट वाक्य विसरला की हळूच ते पुरवणारा प्रॉम्प्टर, तो कुजबुज. आणि बुकिंगच्या खिडकीत चौतीस वर्षं बसलेला तो खिडकी. केस पिकल्यावर त्याचे खिडकीकाका झाले.

कंपनी बंद पडूनही आता पंचवीस वर्षं होत आली होती. आज तेच नाटक नव्या दमाच्या मुलांनी पुन्हा उभं केलं होतं, एकाच प्रयोगापुरतं. तिकिटं फक्त ॲपवर. पास नाहीत, ओळखपाळख नाही, आणि खिडकी तर नाहीच. तिच्या जागी आता पिण्याच्या पाण्याचं यंत्र बसलं होतं. चार मिनिटांत नाट्यगृह भरलं. सुईताईच्या भाच्यानं मावशीच्याच फोनवर बोट ठेवून, श्वास रोखून, कसंबसं एक तिकीट पटकावलं होतं.

एका तिकिटासाठी एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण सुईताईनं त्या नाटकातला एकूण एक पोशाख शिवला होता. सहाशेवर प्रयोगांना ती हातात सुई घेऊन विंगेत उभी राहिली होती, आणि ते नाटक समोरून तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. पाठी पाहिल्या, हुक पाहिले, उसवलेल्या शिवणी पाहिल्या. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती पहिल्यांदाच खुर्चीत बसून, समोरून, नाटक बघणार होती. पहिली घंटा साडेसहाला होती.

"आत कोण कोण होतं?" काकांनी विचारलं.

मॅनेजरबाईनं आवाज खाली आणला. "तोच तर घोळ आहे, काका. बाहेरचं कुणीच नव्हतं."

२

रंगपटात आरशासमोरच्या स्टुलावर सुईताई बसली होती. अंगात नवं कोरं जाकीट, गडद निळं, गळ्याला बारीक पट्टी. कापड स्वतः निवडून, स्वतः बेतून, स्वतः शिवलेलं. प्रेक्षकांत बसायचं तर प्रेक्षकासारखं दिसायला नको का, असं ती महिनाभर सगळ्यांना फोनवर सांगत होती.

घडलं ते असं. म्हाताऱ्यांची दारात फजिती होऊ नये म्हणून मॅनेजरबाईनं जुन्या मंडळींना अकरा वाजता चहाला बोलावलं होतं; काका तेवढे उशिरा पोचले. तिकीट कसं उघडायचं, दारातल्या यंत्रासमोर फोन कसा धरायचा, सगळं शिकवलं. चार फोन टेबलावर ओळीनं मांडले: सुईताईचा, पावडरचा, अंधारचा, कुजबुजचा. दर मिनिटाला स्क्रीन विझत होते आणि दर मिनिटाला "अगं बाई, गेलं!" होत होतं, म्हणून तिनं चारही फोन विझणार नाहीत असे करून ठेवले. तेवढ्यात फोटोवाला आला. सगळे स्टेजवर फोटोला गेले. फोन राहिले टेबलावर, उघडेच्या उघडे.

"आणि मध्येच कोण परत आलं?" काकांनी विचारलं.

"कोण नाही आलं ते विचारा. पावडरकाका कंगवा घ्यायला आले. अंधारकाका चष्मा विसरले. कुजबुजकाका पहिला फोटो झाल्या झाल्या निघून गेले. ताई आणि मी मात्र शेवटपर्यंत स्टेजवरच होतो."

"हे पाठवायचं काम असतं कसं?"

"दोन फोन जवळ धरायचे. एकावर 'पाठवा' दाबायचं, दुसऱ्यावर 'स्वीकारा'. झालं."

"म्हणजे ज्यानं घेतलं त्याचा फोनही त्याच टेबलावर होता."

"हो. आणि काका, आता ते परत पाठवताही येणार नाही. एक तिकीट एकदाच पाठवता येतं. काळाबाजार नको म्हणून तसं केलंय. ताईंचं तिकीट त्यांच्याच फोनवर काढलेलं होतं, म्हणून एकदा जाऊ शकलं. आता जिथं गेलंय तिथंच चिकटलं."

"कुणाकडे गेलं ते?"

"'तिकीट पाठवले', यापुढे ॲप एक अक्षर बोलत नाही. मदत केंद्राला फोन केला. वीस मिनिटं बासरी ऐकवली आणि म्हणाले, अठ्ठेचाळीस तासांत कळवू."

"वा! तोवर नाटकातले मेलेलेसुद्धा उठून घरी गेलेले असतील," काका म्हणाले. "आकडा काय होता तिकिटाचा?"

"बारावी रांग, खुर्ची सहा."

काकांना त्यातून काहीच बोध झाला नाही. त्यांच्या काळी रांगांना अक्षरं होती. नव्या मालकांनी खुर्च्या बदलल्या, आकडे बदलले, आणि काकांच्या डोक्यातला सगळा प्लॅन एका फटक्यात निकामी झाला.

"सोपं आहे," मॅनेजरबाई म्हणाली. "तिघांचे फोन बघते. ज्याच्यात दोन तिकिटं..."

"खबरदार!" सुईताई ताडकन उठली. डोळे लाल, पण आवाज जुनाच. "माझ्या माणसांच्या खिशात हात घालायचा नाही. बावीस वर्षं आम्ही अंगावरचे दागिने या टेबलावर उघडे टाकून स्टेजवर गेलोय. एक टाचणी हरवली नाही कधी. तिकीट गेलं तर गेलं. मी घरी जाते."

आणि ती खरोखरच पिशवी आवरायला लागली. काकांना ते बघवेना.

"ताई, पाच वाजेपर्यंत थांबा. मी शोधतो. कुणाच्याही फोनला हात न लावता."

उचलली जीभ लावली टाळ्याला. बोलून बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की साधा अलार्म लावायलासुद्धा त्यांना नात लागते.

३

काकांची खिडकी बुटकी होती. अर्धगोल भोक, त्यातून माणसाचा हात आत यायचा. चेहरा दिसायचाच नाही. चौतीस वर्षं त्यांनी माणसं ओळखली ती हातांवरून. नखं कुरतडलेला हात म्हणजे आज पहिल्यांदा कुणालातरी नाटकाला नेतोय. कापणारा हात म्हणजे कडेची खुर्ची हवी, गुडघा दुखतोय. सवय कुठली जायला? आजही काका कुणाशी बोलायला लागले की नजर आधी मनगटावर जायची.

पावडरचे हात स्वच्छ होते, गुळगुळीत, अंगठ्यांनी भरलेले. तो व्हरांड्यात चहा पीत उभा होता.

"दुसरी रांग, खिडकी! दुसरी!" त्यानं फोन काकांच्या नाकासमोर नाचवला. "नटांच्या गालावरचा रंग मोजून घेईन."

"आणि वहिनी?"

पावडरचा चेहरा उतरला. "तिला नाही मिळालं. तीन दिवस अबोला आहे घरात. आठवडाभर जो भेटेल त्याला विचारतोय, एखादं जास्तीचं आहे का म्हणून." मग एकदम त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "ए! तुला काय वाटतं, मी...?"

"मला काहीच वाटत नाही. वाटून घ्यायचं वय गेलं."

"अरे, मला चोरायचं तरी कळायला हवं! बावीस वर्षांत मी प्रेक्षागृहाचं तोंड पाहिलेलं नाही. माझं जग आरशाएवढं. आज त्या पोरीला विचारलं मी, दुसरी रांग म्हणजे पुढून की मागून?" त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि काकांच्या कानाशी लागला. "संशयच घ्यायचा तर कुजबुजचा घे. सव्वीस वर्षं झाली, ताईशी एक शब्द बोललेला नाही तो. आज एका टेबलाला बसले, पण साखर हवी तर मला सांगतात की तिला सांग!"

ते काकांना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. सहाशेव्या प्रयोगाला सुईताईला दिसेना म्हणून तिनं विंगेत कुजबुजला सुईत दोरा ओवायला दिला. तो ओवत बसला आणि नेमकी तेव्हाच नायिका स्टेजवर वाक्य विसरली. कुणी पुरवणारंच नाही. बाई मुकी होऊन उभी, लोक हसायला लागले. मालकांनी आत येऊन विचारलं, चूक कुणाची? कुजबुज म्हणाला, "हिनं मला कामाला लावलं." सुईताईला त्याच आठवड्यात काढलं. कंपनी सात महिन्यांनी नाक मुठीत धरून तिला परत घेऊन आली, पण ते सात महिने तिनं दुकानांसाठी उशांचे अभ्रे शिवले. नाटकवाल्या बाईला अभ्रे!

"आणि त्याची बाही बघितलीस का?" पावडर हसला. "कसलासा पिवळट डाग. म्हातारपणी मेकअप करायला लागला की काय लेकाचा!"

काका अंधारला शोधत बाल्कनीमागच्या दिव्यांच्या खोलीत चढले. गुडघ्यांनी प्रत्येक पायरीला निषेध नोंदवला. अंधार नव्या यंत्रांकडे बघत बसला होता. बोटांना जुन्या भाजल्याचे पांढरे वण होते.

"पूर्वी एक दिवा सरकवायला दोन माणसं लागायची," तो म्हणाला. "आता पोरगं बटण दाबतं आणि चहा पितं. मजा गेली रे."

काकांनी सरळच विचारलं. अंधार भडकला नाही. तो कशानंच भडकायचा नाही.

"मला यातलं सगळं येतं, हे खरं. दोन बोटांत करीन. पण मी चोर असतो ना, तर पावडरचं दुसऱ्या रांगेतलं उचललं असतं. तेही तिथंच उघडं पडलं होतं. माझं पाचव्या रांगेतलं, कुजबुजचं चौथ्या रांगेतलं. तिघांचीही पुढची तिकिटं सोडून बारावी रांग उचलली? असला येडा चोर मी नाही पाहिला."

काका जागीच थबकले. खरंच की! चोरानं चांगली तीन सोडून वाईटच का नेलं?

"इथून खालचं काय दिसतं रे तुला?" त्यांनी विचारलं.

"रंगमंच आणि पुढच्या रांगांमधली टकली. बाल्कनीच्या खाली काय आहे ते मला आजतागायत माहीत नाही."

४

कुजबुज विंगेत होता. जिथं त्याचं स्टूल असायचं, तिथंच एक खोकं उपडं घालून बसला होता. बावीस वर्षं कुजबुजून त्याचा गळा तसाच झाला होता. बोलायला लागला की समोरच्याला पुढे वाकावं लागायचं.

"ये, खिडकी."

काका शेजारी टेकले. पडद्याच्या कडेला बोटभर फट होती. काकांनी सहज डोळा लावला.

"एवढंच," कुजबुज म्हणाला. "डोकं वर काढायला फुरसत मिळाली तर एवढंच प्रेक्षागृह माझ्या वाट्याला यायचं. एक चिंधी. बाकी सगळा वेळ वहीत नाक. मी ते नाटक वाचलंय रे सहाशे वेळा. पाहिलं एकदाही नाही."

"आज बघशील की. चौथी रांग म्हणे."

"मुलीनं काढलं. तिच्या फोनवरून पाठवलं मला." त्याचा हात छातीवरच्या खिशाकडे गेला, फोन चाचपला आणि पुन्हा मांडीवर आला. उजव्या बाहीच्या कडेला पिवळट डाग होता, ताजा. "मला यातलं फारसं कळत नाही. तिनं दोनदा शिकवलं, तेवढं येतं."

"सुईताईचं तिकीट..."

"ऐकलं." तो बाहीवरचा डाग नखानं खरवडत राहिला. मग म्हणाला, "ती गेली का घरी?"

"निघाली होती. मी थांबवलंय."

"थांबव. काहीही कर पण थांबव तिला, खिडकी." कुजबुजचा आवाज त्या वाक्यात चक्क मोठा झाला, आणि तो स्वतःच दचकून इकडेतिकडे बघू लागला.

काका उठले. जाता जाता त्यांनी पुन्हा एकदा फटीला डोळा लावला. दूर बाल्कनीखाली एक खांब दिसत होता, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन खुर्च्या, आणि बास.

५

तीन वाजून गेले होते. काका रिकाम्या प्रेक्षागृहात शिरले. सोपं काम आधी करायचं सोडून सगळीकडे हिंडलो, असं स्वतःला दोन शब्द सुनावत त्यांनी रांगा मोजायला सुरुवात केली. कापडाचा आणि जुन्या लाकडाचा तोच वास येत होता. इथं 'क' रांग. डॉक्टर आणि त्यांची आई दर पहिल्या प्रयोगाला. इथं 'ग', ती दोघं वेगवेगळं तिकीट काढून शेजारी बसायची, आणि पुढे लग्नाची पत्रिका खिडकीत देऊन गेली. ॲपला कुणी पत्रिका देतं का?

नऊ. दहा. अकरा. बारा. बारावी रांग बाल्कनीच्या खाली होती. चार, पाच, सहा.

सहाव्या खुर्चीत बसून काकांनी समोर पाहिलं आणि त्यांच्या तोंडून "अरे देवा!" निघून गेलं.

समोर खांब होता. चांगला कवेत न मावणारा. रंगमंचाचा डावा तुकडा तेवढा दिसत होता. मधला सगळा भाग, जिथं नायिका उभी राहायची, तो खांबाच्या पोटात. पुढे वाकून बघावं म्हणून काकांनी खांबाला हात टेकला.

ही ती खुर्ची! त्यांच्या प्लॅनवर ही आणि हिची शेजारीण, दोन्ही काळ्या पेन्सिलीनं कायमच्या खोडलेल्या असायच्या. घर कितीही भरो, लोक कितीही हातापाया पडोत, चौतीस वर्षांत काकांनी या दोन खुर्च्या कुणाला विकल्या नव्हत्या. ॲपला काय, खांब थोडाच दिसतो! त्याला खुर्ची म्हणजे चौकोन. रिकामा चौकोन दिसला की विकला.

म्हणजे सुईताई जन्मात पहिल्यांदा समोरून नाटक बघायला येणार होती आणि साडेसहाला येऊन खांब बघणार होती.

काकांनी हात मागे घेतला. तळवा चिकट लागला. दाराशी उजेडात जाऊन पाहिलं, तर तळव्याला आणि बाहीच्या कडेला ओला पिवळट रंग लागला होता; खांब आज सकाळीच रंगवलेला होता.

६

पाच वाजता रंगपटात सगळे जमले. सुईताई स्टुलावर, पिशवी मांडीवर. मॅनेजरबाई दाराला टेकून. तिघे म्हातारे भिंतीशी.

"चोर सापडला नाही," काका म्हणाले. "कारण चोरी झालेलीच नाही."

"म्हणजे माझं तिकीट वाऱ्यानं उडालं?" सुईताई म्हणाली.

"ताई, आधी ऐका. इथं चार तिकिटं उघडी होती. त्यातलं सगळ्यात वाईट गेलं. बारावी रांग, सहावी खुर्ची, म्हणजे आपली खांबाआडची." त्यांनी हात वर करून पिवळा तळवा दाखवला. "तिथून नायिका दिसत नाही. पोशाख दिसत नाही. लोभानं कुणी ती खुर्ची नेणार नाही. ती नेली तर एकाच कारणानं: ताईंना तिथं बसायला लागू नये म्हणून."

पिशवी धरलेली सुईताईची बोटं थांबली.

"आता ती खुर्ची वाईट हे कुणाला माहीत? ॲपला नाही. मॅनेजरबाईंना नाही, नाहीतर त्यांनी ती विकू दिली नसती. पावडरला पुढची रांग कुठली आणि मागची कुठली तेही विचारावं लागतं. अंधार वर बसायचा; खांब त्याच्या पायाखाली. खांब माहीत असलेली माणसं दोनच. एक मी. मी इथं सव्वाबाराला आलो."

"आणि दुसरा?" पावडरनं विचारलं. अंधारनं त्याला कोपर मारलं.

"दुसऱ्याला विंगेतल्या फटीतून बावीस वर्षं तेवढंच दिसत होतं. सकाळी चहाच्या वेळी त्यानं ताईंच्या फोनवर आकडा वाचला. शंका आली, म्हणून पहिला फोटो झाल्यावर प्रेक्षागृहाच्या काळोखात जाऊन त्या खुर्चीत बसून पाहिलं. ओल्या रंगाला बाही लागली. मग इथं येऊन त्यानं खांबाआडचं तिकीट स्वतःकडे घेतलं, आणि स्वतःचं चौथ्या रांगेतलं ताईंना पाठवायला गेला. पूर्वी आपण तेच करायचो ना? 'जरा माझी खुर्ची घ्या, तुमची मला द्या.' या हाताची त्या हाताला. पण त्याचं तिकीट मुलीनं पाठवलेलं होतं. एकदा पाठवलेलं पुन्हा जात नाही. ॲपनं नाही म्हटलं. घेतलेलं परत करायला गेला, तर तेही एकदा पाठवून झालेलं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती! दोन्ही तिकिटं त्याच्या खिशात, ताईंच्या हातात काही नाही, आणि सांगणार कुठल्या तोंडानं?"

मग भिंतीपासून कुजबुज सुटा झाला. त्यानं फोन काढला आणि टेबलावर सुईताईसमोर ठेवला.

"तिला कळू नये असं वाटत होतं," तो काकांना म्हणाला. "नुसतं चांगलं दिसावं तिला. कुणी बदललं ते कळायलाच नको होतं."

"मला सांग," सुईताई म्हणाली.

तो काकांकडेच बघत राहिला.

"त्याला काय सांगतोस? मी इथं बसलेय. मला सांग."

कुजबुज वळला. सव्वीस वर्षांनी तो तिच्याकडे तोंड करून उभा राहिला, आणि वाक्य काही त्याला सापडेना. इतरांना पुरवत आला होता, त्याला पुरवायला मात्र कुणी नव्हतं.

"दोरा मीच मागून घेतला होता," तो शेवटी म्हणाला. "तू दिला नव्हतास. तुला दिसत नव्हतं, तू चाचपडत होतीस, म्हणून मीच म्हटलं दे इकडे. मालकांना मी खोटं सांगितलं. भ्यालो. तुझे सात महिने गेले माझ्यापायी."

पावडर आ वासून बघत होता. ही गोष्ट सव्वीस वर्षं सगळे चुकीची सांगत आले होते, काकासुद्धा.

"मला माहीत होतं," सुईताई म्हणाली. "मी तिथंच होते की. तू कधी कबूल करतोस त्याची वाट बघत होते. दुसऱ्या दिवशी म्हणाला असतास तर दुसऱ्या दिवशी बोलले असते." तिनं डोळे पुसले, राग आल्यासारखे, खसाखसा. "मूर्ख माणूस."

७

दोन्ही तिकिटं एका फोनमध्ये, म्हणजे दोघांनी बरोबरच आत जायला हवं होतं. कुजबुजनं फोन काकांच्या हाती द्यायचा प्रयत्न केला, "तू ने तिला, मी मागून येतो" म्हणाला. सुईताईनं त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि तो मुकाट्यानं रांगेत उभा राहिला. यंत्र दोनदा टुणटुणलं. चौथ्या रांगेत सुईताई बसली. कुजबुज मागे बाराव्या रांगेकडे गेला. नातीनं मिळवून दिलेल्या तिकिटावर तेराव्या रांगेत जरा कडेला बसलेल्या खिडकीकाकांना त्याचं पांढरं डोकं, चेहऱ्याची एक बाजू आणि खांब, सगळं दिसत होतं.

पहिला अंक सुरू झाला. कुजबुज पुढे वाकला नाही, कडेला झुकला नाही. डोळे मिटून बसला. त्याचे ओठ हलत होते.

मध्यंतराचा उजेड झाला तशी सुईताई रांगेतून वाट काढत मागे आली. जाकिटाची वरची दोन बटणं सुटली होती आणि तिला त्याचं भान नव्हतं.

"किती सुंदर आहे रे!" ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही; बहुधा सगळ्यांनाच. "ती जिन्यावरून खाली येते ना, तेव्हा झगा मागे पसरतो. पसरतो, आणि वरचा प्रकाश त्याच्यावरून घसरत येतो! मला वाटायचं तो घोळ उगाच जास्तीचा आहे. मी मालकांशी भांडायचे, एवढं कापड कशाला म्हणून. समोरून बघायचंच राहिलं होतं. आपण काय करत होतो ते आपल्याला कुणी दाखवलंच नाही रे."

कुजबुज ऐकत होता. त्यानं मान हलवली, आणि पुन्हा हलवली.

"ऊठ," सुईताई म्हणाली.

"काय?"

"चौथ्या रांगेत जा. दुसरा अंक तू बघ."

"नको. ती खुर्ची तुझी आहे. तू आयुष्यात पहिल्यांदा..."

"आणि तू काय दहा वेळा बघितलंयस? ऊठ म्हणते ना." तिनं त्याच्या दंडाला धरून त्याला उठवलंच, आणि स्वतः खांबाआड बसली, पिशवी मांडीवर घेऊन. "मी एक अंक पाहिला. मला पुरेल. तू वही सोडून वर बघ एकदा."

"मग तू मला..." कुजबुजनं खुर्चीची पाठ धरली. तो नुसता उभा राहिला.

"माफीबिफीचं काही मला सांगता येणार नाही आज," ती म्हणाली. "ते मग बघू. सात महिने आहेत ते, एका दिवसात फिटत नाहीत. घंटा झाली, जा लवकर, लोकांना अडथळा होतोय."

तो गेला. रांगेतल्या लोकांचे गुडघे ओलांडत, दोनदा माफी मागत, चौथ्या रांगेत पोचला आणि बसला. दिवे मंद झाले. पडदा वर जाताना काकांनी पाहिलं, कुजबुजची मान सवयीनं खाली गेली, मांडीवर वही असल्यासारखी. मग ती हळूहळू वर आली आणि तिथंच राहिली. आणि इकडे खांबामागे सुईताई, रंगमंचाचा दिसत होता तो तुकडाही न बघता, त्या पांढऱ्या डोक्याकडे बघत बसली होती.